व्हिजन प्लॅन आणि नवा ऑप्टोमेट्रिस्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

नोकरी बदलली, तसा व्हिजन प्लॅन, म्हणजे इथे अमेरिकेत डोळ्यांसाठी असणारा वेगळा इन्शुरन्स, तोही बदलला आणि जुने डॉक्टर नेटवर्कबाहेर गेले, म्हणजे नव्या प्लॅनच्या यादीत ते नव्हते. घराजवळ नवा ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणारा डॉक्टर, शोधणं आलं. आता तपासणी झाली, चष्मा अंगवळणी पडला, मधे एकदा डोळा लाल झाला म्हणूनही जाऊन आलो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

डॉक्टरची पात्रता पाहणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अमेरिकेत लायसन्स राज्याचं ऑप्टोमेट्री बोर्ड देतं. बोर्डाच्या साइटवर नाव टाकलं की लायसन्स चालू आहे का, ते फुकटात कळतं. बऱ्याच राज्यांत शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही दिसते. डॉक्टरचा एनपीआय हा 10 आकडी ओळख-नंबरही शोधता येतो, पण तो बिलिंगसाठी असतो. तो आहे म्हणजे लायसन्स चालू आहे असं धरून चालू नका. आणि नावापुढे ओडी असेल तर ते ऑप्टोमेट्रिस्ट. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ऑप्थॅल्मोलॉजिस्टकडेच, म्हणजे डोळ्यांच्या सर्जनकडेच जावं लागतं. गूगलवरचे तारे मी फ्रंट डेस्कचा स्वभाव कळावा म्हणून वाचले, बाकी त्यांना फार अर्थ नाही.

डोकं पिकतं ते इन्शुरन्सपाशी. प्लॅनच्या यादीत नाव दिसलं तरी क्लिनिकला फोन कराच, कारण या याद्या जुन्या असतात. ‘तुम्ही व्हीएसपी घेता का?’ किंवा ‘आयमेड घेता का?’ (ही व्हिजन प्लॅन देणाऱ्या कंपन्यांची नावं) एवढंच विचारलं तर ‘हो’ म्हणतात आणि विषय संपतो. कार्डावरचं प्लॅनचं नेमकं नाव वाचून दाखवा, आणि ज्या डॉक्टरची वेळ घेताय तेच त्या नेटवर्कमध्ये आहेत का ते विचारा. एकाच क्लिनिकमधले सगळे डॉक्टर त्यात असतीलच असं नाही.

दुसरा प्रश्न माझ्या बाबतीत जास्त कामाला आला: ‘माझा मेडिकल इन्शुरन्सही घेता का?’ व्हिजन प्लॅन नेहमीची तपासणी आणि चष्म्यासाठी असतो. डोळा लाल होणं, कोरडेपणा, मधुमेहामुळे रेटिना तपासणं हे सहसा मेडिकलकडे जातं. डॉक्टर एका यादीत असून दुसऱ्या यादीत नसू शकतात. हे आधीच विचारलेलं होतं, म्हणून लाल डोळ्याच्या वेळी फक्त को-पे, म्हणजे आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम, भरून सुटलो. कॉन्टॅक्ट लेन्स हव्या असतील तर फिटिंगची फी बहुधा वेगळी लागते, तीही फोनवरच विचारून घ्या.

डॉक्टर बाई शांतपणे तपासतात, घाई करत नाहीत. दुकानाचा भाग मात्र फ्रेम गळ्यात मारायला टपलेला. मी तिथून घेतली नाही. नंबर काढून झाला की प्रिस्क्रिप्शनची प्रत न मागता आणि जादा पैसे न घेता द्यावी, असा एफटीसीचा (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाचा) नियम आहे, आणि ती मिळालीही. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, त्यावर लिहिलेलंच असावं अशी सक्ती केंद्राच्या नियमात नाही. चष्मा ऑनलाइन मागवणार असाल तर ते तिथेच मोजून घ्या.