पॉम्पेई आणि अमाल्फीची खासगी सहल: खरे नियम, पण अर्धेच सांगितलेले

इटलीतल्या नेपल्सहून एका दिवसात पॉम्पेई या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहराचे अवशेष आणि अमाल्फीचा किनारा दाखवून आणणाऱ्या खासगी गाड्यांच्या जाहिराती ढिगाने सापडतात. त्यातल्या बऱ्याच चांगल्या असतीलही. आमच्या वाट्याला आलेली नव्हती. हे सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला फसवणाऱ्या माणसाने दिवसभरात धडधडीत खोटं फारच कमी सांगितलं. त्याने सांगितलेले नियम इटलीत खरोखर आहेत. त्यातला सोयीचा अर्धा भाग तो सांगायचा आणि उरलेला गिळायचा, एवढंच. अशा माणसाशी भांडणं जड जातं. तुम्ही मोबाइलवर शोधायला जाता आणि तो म्हणतो तेच समोर येतं!

व्यवहार असा ठरला होता. माणसं चार: आम्ही दोघं, पंधरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे ट्रेन आणि बसची चढउतार नको म्हणून गाडी. एकूण ३८० युरो, त्यातले १२० आगाऊ कार्डाने आणि बाकीचे त्या दिवशी रोख. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी आलं होतं की पॉम्पेईची तिकिटं, परवानाधारक गाइड, पोझिटानो, अमाल्फी, रावेल्लो ही तिथली गावं, टोल, पार्किंग, सगळं यात धरलेलं आहे. सोबत काळ्या चकचकीत व्हॅनचा फोटो.

सकाळी आली ती राखाडी, दाराला पोचा पडलेली गाडी. काळी म्हणे गॅरेजला गेली. असं होऊ शकतं, म्हणून त्यावरून कुणी काही बोललं नाही. ड्रायव्हरने उरलेले २६० युरो आधी मोजून खिशात घातले, मग किल्ली फिरवली.

पहिला थांबा ‘टॉयलेटसाठी पाच मिनिटं’. प्रत्यक्षात तो तोर्रे देल ग्रेको या गावातला कॅमिओचा, म्हणजे शंख-शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांचा, कारखाना आणि त्याला जोडलेलं दुकान निघालं. हे गाव पोवळ्यांच्या आणि शिंपल्यावरच्या कोरीव कामासाठी खरंच प्रसिद्ध आहे, आणि दारातच दिव्याखाली बसून एक बाई जे काम करत होती ते बघण्यासारखं होतं. शंखाचा जाड तुकडा काठीच्या टोकाला चिकटवलेला, वरचा पांढरा थर बारीक हत्याराने तासत जायचं, खालचा तपकिरी थर उघडा पडतो आणि पांढऱ्यात चेहरा उरतो. पण ते दोन मिनिटं दाखवून आम्हाला काचेच्या कपाटांकडे वळवलं. २४० युरोचं पदक आम्ही दाराशी पोचेपर्यंत ९० वर आलं. ड्रायव्हर आत कॉफी पीत होता. सासूबाई खुर्चीत बसून सगळं निरखत होत्या. म्हणाल्या, “अगं, इथे सगळे याला नावाने हाक मारतायत. हा रोजचाच दिसतोय.” निघताना काउंटरवरच्या माणसाने त्याच्या कागदावर शिक्का मारून दिला, तोही त्यांनीच टिपला. या ‘पाच मिनिटांत’ तासभर गेला.

पॉम्पेईला पोचलो तर समोर तोबा गर्दी. सप्टेंबरचा पहिला रविवार होता. ड्रायव्हरने गंभीर चेहरा करून सांगितलं, “आज महिन्याचा पहिला रविवार. आज नेहमीची तिकिटं चालत नाहीत. शिवाय दिवसाला वीस हजारांच्या वर माणसं आत सोडत नाहीत. आत्ता रांगेत उभे राहिलात तर दिवस गेला.” मुलाने लगेच फोनवर बघितलं. वीस हजारांची मर्यादा खरी, नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे. तिकिटावर नावं लागतात, तेही खरं. मग ड्रायव्हरने आम्हाला स्टेशनच्या बाजूच्या एका टपरीवजा ऑफिसात नेलं. वर ‘इन्फो’ आणि ‘तिकीट’ असे मोठे फलक, आत गणवेशासारखे टी-शर्ट घातलेली मुलं. तिथे माणशी २५ युरो ‘जलद प्रवेश’ म्हणून भरायला लावले. ठरलेल्या पैशात धरलेल्या तिकिटांचं काय, यावर उत्तर: ती रोजची तिकिटं, आजची वेगळी. अर्ध्या तासाने एक मुलगा आमची नावं घातलेली तिकिटं घेऊन आला.

मुलाने तिकीट उलटसुलट केलं. किमतीच्या जागी छापलं होतं ०,०० युरो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पॉम्पेईत प्रवेश सगळ्यांनाच मोफत असतो. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांचा आणि उत्खननस्थळांचा हा नियमच आहे. त्याने ‘पहिला रविवार’ एवढं सांगितलं आणि ‘फुकट’ तेवढं गाळलं. एरवीही अठरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. मोठ्यांचं साधं तिकीट तेव्हा साधारण १८ युरोचं होतं. म्हणजे कुठल्याही दिवशी गेलो असतो तरी आमचा हिशोब १०० युरोवर गेला नसता, आणि त्या दिवशी तर तो शून्य होता. पोर्ता मारिना या दारापाशी सरकारी तिकीटखिडकी आहे. तिच्या आणि स्टेशनच्या मधे येणारे बरेचसे ‘इन्फो’ फलक खासगी विक्रेत्यांचे असतात, सरकारी नव्हेत. त्यांना मान न देता सरळ पुढे चालत जायचं.

आता गाइड. ड्रायव्हर आत आला नाही. “मला आत माहिती सांगता येत नाही, कायदा आहे.” खरं आहे, गाइडचा परवाना वेगळा असतो आणि ओळखपत्र जवळ बाळगावं लागतं. पण त्याने ज्याच्या हवाली केलं त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं आणि मागे आमच्यासकट तिशीच्या घरातली माणसं होती. हा आमचा ‘खासगी’ गाइड! ह्यांनी ओळखपत्र विचारलं तर तो हसून पुढे चालू लागला. फोरमच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाच्या कडेला, जाळीआड जिथे माणसांचे प्लास्टरचे पुतळे ठेवलेत, तिथे त्याने हात पसरून सांगितलं की ही माणसं इसवी सन ७९ च्या ज्वालामुखीत जागच्या जागी दगड झाली. असं काही झालेलं नाही. राखेत गाडली गेलेली शरीरं कुजून गेली, घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या आणि १८६३ मध्ये ज्युझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून असे पुतळे काढायची पद्धत आणली. परवाना काढलेला माणूस हे झोपेतही चुकणार नाही. गाइड खरा आहे का ते ओळखायला याहून सोपा प्रश्न नाही, पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाका.

पाऊण तासात त्याचं आटोपलं. हे शहर सुमारे ६६ हेक्टरचं, १७४८ पासून खणत आहेत आणि अजूनही त्यातलं साधारण एक तृतीयांश जमिनीखालीच आहे. त्याला पाऊण तास! शहराबाहेरच्या टोकाला असलेलं भित्तिचित्रांचं प्रसिद्ध घर, व्हिला देई मिस्तेरी, ‘आज नाही’ म्हणून वगळलं. आम्ही त्या घोळक्यातून बाजूला झालो आणि व्हिया देल्लाब्बोंदान्झा या मुख्य रस्त्याने आपले आपण चाललो. रस्ता ओलांडायला मधोमध ठेवलेले उंच दगड आणि त्यांच्यामधून गेलेल्या गाड्यांच्या चाकांनी फरशीत पाडलेल्या खोल चाकोऱ्या. मुलाने आपला पंजा त्यात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. दिवसातला तेवढाच भाग मनासारखा झाला, आणि तो कुणाच्या पैशात धरलेला नव्हता.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. ठरलेलं हॉटेल, ठरलेला मेनू, आणि पुन्हा शिक्क्याचा कागद.

दुपारी किनाऱ्याकडे निघालो. सोरेन्तोच्या बाजूने डोंगर चढून गाडी वर आली आणि एका वळणावर खाली एकदम समुद्र उघडला. डावीकडे लात्तारी डोंगरांचे पांढुरके चुनखडीचे कडे थेट पाण्यात उतरलेले, समोर ली गाल्ली ही चिमुकली बेटं. सगळे खूश. ड्रायव्हरने तिथेच गाडी कडेला घेतली आणि दहा मिनिटांनी सांगितलं की फोटो काढून घ्या, इथून परत.

कारण? “रविवारी पुढच्या रस्त्यावर सम-विषम असतं. आजच्या तारखेला माझ्या नंबरची गाडी चालत नाही. दंड भरायची तयारी असेल तर नेतो, १०० युरो रोख.”

पुन्हा फोन, पुन्हा तेच. नियम खरा. पोझिटानो ते व्हिएत्री हा किनाऱ्याचा रस्ता इतका अरुंद आहे की हंगामात शनिवार-रविवारी, आणि ऑगस्टमध्ये रोजच, गाडीच्या नंबरातल्या शेवटच्या आकड्यावरून ठरावीक तासांत प्रवेश मिळतो. ह्यांनी तर पाकिटाला हात घातला होता. तेवढ्यात सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या, “अहो, मग त्या काळ्या गाड्या कशा चालल्यात भराभरा? सगळ्यांचे नंबर एकसारखे कसे असतील?”

बघितलं तर खरंच, एकामागून एक व्हॅन पर्यटक घेऊन पुढे जात होत्या. शेजारी थांबलेल्या एका व्हॅनच्या ड्रायव्हरला मुलाने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये विचारलं. तो काही न बोलता त्याला स्वतःच्या गाडीच्या मागे घेऊन गेला आणि नंबरप्लेटजवळच्या छोट्या धातूच्या पट्टीवर बोट ठेवलं. ‘एनसीसी’ अशी अक्षरं, नगरपालिकेचं चिन्ह आणि एक क्रमांक. मग आमच्या गाडीच्या मागे येऊन रिकाम्या जागेवर तेच बोट टेकवलं आणि खांदे उडवले.

एनसीसी म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याने देण्याच्या परवान्याची गाडी. १९९२ च्या कायद्याप्रमाणे अशा गाडीला मागे ही पट्टी आणि पुढच्या-मागच्या काचेवर खूण लागते. सम-विषमची बंदी टॅक्सींना आणि या गाड्यांना लागू होत नाही. आमच्या माणसाला बंदी लागू होत होती, कारण त्याची गाडी खासगी होती आणि ती भाड्याने चालवायची परवानगीच त्याच्याकडे नव्हती. बंदीचा नियम सांगताना सूट कुणाला हे त्याने सांगितलं असतं, तर आपणच बेकायदा आहोत हेही सांगावं लागलं असतं. अशा गाडीला अपघात झाला तर आतल्या प्रवाशांच्या विम्याचं काय होणार, हा विचार मला परतीच्या वाटेवर सुचला आणि पोटात गोळा आला.

१०० युरो दिले नाहीत. त्याची बोलण्याची पट्टी एकदम बदलली. सासूबाई सोबत, संध्याकाळ व्हायला आलेली, म्हणून तिथे वाद न वाढवता नेपल्सला परतलो. उतरताना त्याने वर टोलही मागितला. ह्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर त्याच्यासमोर धरला आणि पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा निघून गेला. विनापरवाना गाडीची तक्रार करायची तर तिथे ग्वार्दिया दी फिनान्झा हे आर्थिक गुन्ह्यांचं पोलीस दल आहे, त्यांचा फोन ११७. तातडीची मदत हवी असेल तर ११२.

पैशांचं म्हणाल तर कार्डाने दिलेले १२० युरो बँकेत तक्रार केल्यावर परत मिळाले. व्हॉट्सअ‍ॅपवरचा लेखी मजकूर, शून्य किमतीचं तिकीट आणि गाडीच्या मागच्या बाजूचा फोटो हे तीन पुरावे जोडले होते. ‘सेवा ठरल्याप्रमाणे दिली नाही’ हे बँकेला कागदावर दाखवावं लागतं, नुसत्या रागाचा उपयोग नसतो. रोख दिलेले २६० आणि त्या टपरीवरचे १०० गेले ते गेलेच. पावती एकाचीही नाही.

किनारा मात्र आम्ही बघितला, दुसऱ्या दिवशी. नेपल्सहून सालेर्नोपर्यंत ट्रेन, स्टेशनपासून थोडं चालून धक्का, तिथून बोटीने अमाल्फी. वसंतापासून शरदापर्यंत या बोटी असतात, समुद्र खवळला तर रद्द होतात. चढउतार फक्त बोटीच्या फळीपुरती, त्यामुळे सासूबाईंना गाडीपेक्षा हेच सोपं गेलं. ते कडे रस्त्यावरून पायाखाली असतात, त्यामुळे धड दिसतच नाहीत. पाण्यातून पूर्ण उंचीनिशी दिसतात.

गाडीच करायची असेल तर आगाऊ पैसे देण्याआधी एनसीसीचा क्रमांक आणि नगरपालिकेचं नाव लेखी मागा आणि गाडी आली की सामान ठेवण्याआधी मागे जाऊन पट्टीवर तोच क्रमांक आहे का बघा. पॉम्पेईचं तिकीट स्वतःच्या नावावर सरकारी संकेतस्थळावरून आपणच काढा, गाडीवाल्याकडे ते काम देऊच नका. रोख रक्कम शेवटी, उतरल्यावर. आम्हाला फसवणाऱ्याची जाहिरात गेल्या आठवड्यात पुन्हा दिसली. नाव बदललंय, मजकूर शब्दशः तोच आहे, आणि काळ्या व्हॅनचे पाच फोटो आहेत, सगळे समोरून काढलेले.