आडवळणी ओपनिंगशी गाठ: लिचेसचा एक्सप्लोरर सात महिने वापरल्यावर

बुद्धिबळात पांढऱ्याकडून मी पहिल्या चालीत डी४ खेळायचो (म्हणजे वजिरासमोरचं प्यादं डी४ या घरात), समोरून ई५ यायचं, मी प्यादं मारायचो आणि आठव्या चालीत मात! हे तीनदा झालं. याला एंग्लुंड गॅम्बिट (प्यादं देऊन केलेली सुरुवात) म्हणतात हेही तेव्हा माहीत नव्हतं. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटचा ओपनिंग एक्सप्लोरर, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या कुठल्या चालीनंतर कोण किती टक्के जिंकलं हे दाखवणारं साधन, रोज उघडायला लागलो तो या एका डावापायी.

आधी मी त्यात फक्त मास्टर खेळाडूंचे डाव बघायचो. तिथे एंग्लुंड फारसा सापडत नाही, कारण त्या पातळीवर तो सहसा कुणी खेळत नाही. मग लिचेसवरच्या डावांमध्ये माझ्या आसपासचं रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) निवडलं आणि उलगडा झाला. काळा वजीर बी२चं प्यादं खातो, तेव्हा उंट सी३वर नेऊन त्याच्यावर हल्ला करायचा मोह होतो. तीच चूक! काळा उंट बी४वर येतो, आपला उंट राजासमोर अडकतो आणि थोड्याच वेळात सी१वर मात. त्या जागी घोडा सी३वर हवा. मग काळा उंट बी४, आपला हत्ती बी१, वजीर ए३ला गेला की हत्ती बी३. इथून पांढरा चांगलाच वरचढ आहे. आता समोरून ई५ आलं की मला आनंद होतो.

ग्रोबला, म्हणजे पहिल्याच जी४ला, मी डी५ आणि मग सी६ खेळतो. ते जी४चं प्यादं खायच्या फंदात पडत नाही. समोरच्याच्या सी४नंतर बी७वर रोखलेला त्याचा उंट मला सांभाळता येत नाही.

अशा ओपनिंगना कचरा म्हणणं मात्र मी सोडलं. १९८० साली इंग्लंडचा ग्रँडमास्टर टोनी माइल्स याने ई४ला ए६ असं उत्तर देऊन त्या वेळचा विश्वविजेता कार्पोव याला हरवलं होतं.

एक गोष्ट जपावी लागते. टक्केवारी चालीमागचं कारण सांगत नाही, आणि डाव मोजकेच असतील तर ती फसवतेही. म्हणून मी स्टडीमध्ये (लिचेसवरच्या चाली लिहून ठेवायच्या वहीत) प्रत्येक चालीखाली मराठीत एक ओळ लिहितो: ही चाल का? जिथे ओळ सुचत नाही, तिथे मी डावातही अडतो, हे वारंवार अनुभवलंय. हे सगळं फुकट आणि जाहिरातींशिवाय मिळतं, याचं मला फार अप्रूप आहे.

सध्या समोरच्या पांढऱ्याने पहिल्याच चालीत बी४ खेळलं तर काय करायचं, यावर काम चालू आहे. आपलं ई५, त्याचा उंट बी२, आपल्या उंटाने बी४ खायचं, त्याने ई५ खायचं, मग आपला घोडा एफ६. वीसेक डाव झाले की पुढचं लिहीन.