पाइपच्या डक्टमधून आलेलं इंटरनेट: ११ महिन्यांनंतर

आमच्या घरात इंटरनेट बाथरूमच्या झरोक्यातून येतं. नळाचे आणि सांडपाण्याचे पाइप ज्या उभ्या डक्टमधून वर चढतात, त्याच डक्टमधून फायबरची, म्हणजे आत काचेचा बारीक धागा असलेली काळी केबल चौथ्या मजल्यापर्यंत आणली आहे. त्याला आता ११ महिने झाले. जोडणी घेताना मला असा एकही अनुभव वाचायला मिळाला नव्हता, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

हे सांगितलं की जुन्या लोकांना गूगलची ‘टिस्प’ आठवते. १ एप्रिल २००७ ला जाहीर झालेलं ते एप्रिल फूल. केबलच्या टोकाला वजन बांधायचं, ते कमोडमध्ये सोडून फ्लश करायचं, केबल वाहत वाहत गटारातल्या केंद्रापर्यंत पोचणार आणि तासाभरात घरात फुकट वायरलेस ब्रॉडबँड सुरू. त्यातला खरोखर अशक्य भाग म्हणजे केबल पाण्याबरोबर वाहत नेणं. कमोडखालच्या ट्रॅपच्या वळणातच ती अडेल आणि पुढे गेली तरी तिच्यावर केस-कागद साचून लाइन चोक होईल. पाइपच्या वाटेने इंटरनेट नेण्याची कल्पना मात्र तेव्हाही नवी नव्हती. पॅरिसच्या गटारांच्या बोगद्यांतून पाण्याच्या नळांसोबत दूरसंचाराच्या तारा कितीतरी वर्षं गेलेल्या आहेत. अमेरिकेत अल्बुकर्कीला २००१ मध्ये रोबोट आत सोडून गटाराच्या पाइपमध्ये फायबर बसवलं होतं. ब्रिटनमध्ये २०२२ साली बार्न्सली ते पेनिस्टोन या सुमारे १७ किलोमीटरच्या टप्प्यावर पिण्याच्या पाण्याच्या पाइपमधून फायबर नेण्याचा सरकारी प्रयोग जाहीर झाला. पाण्याची गळती त्याच फायबरने शोधता येते का, हेही त्यात पाहायचं होतं. या सगळ्यांचं कारण एकच: खोदाई महाग असते आणि पाइपची वाट आधीच तयार असते.

आमचंही तेच झालं. बाहेरच्या भिंतीवरून तारा लोंबकळू द्यायच्या नाहीत असं इमारतीत ठरलं होतं. आधीचं कनेक्शन गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याच्या केबलने यायचं. वीज कडाडली की दोन-तीन घरांचे पोर्ट जळायचे, आणि ओल लागून जोड हिरवे पडायचे. फायबर घ्यायचं ठरलं तेव्हा उरली ती डक्टचीच वाट. तंत्रज्ञ आधी नाही म्हणाला, ‘तिथे पाणी गळतं.’ मी आग्रह धरला, कारण काचेला ओलीची भीती तांब्याएवढी नसते. काचेतून वीज वाहत नाही, ती गंजत नाही, शेजारच्या मोटारीचा किंवा गीझरचा त्रास तिला होत नाही. एक अट मात्र मी घातली होती आणि ती घातली हे फार बरं झालं. घरापर्यंत येणाऱ्या शेवटच्या केबलमध्ये, म्हणजे ड्रॉप केबलमध्ये, ताण पेलायला बहुतेक वेळा पोलादी तार असते, ती नको, फायबरग्लासच्या दांडीची केबल हवी. ओल्या डक्टमधून घरात शिरणारी धातूची तार मला नको होती.

काम साडेचार तास चाललं. केबल नुसती पाइपला बांधली नाही, डक्टच्या कोरड्या भिंतीला वेगळी नळी ठोकून तिच्यातून ओढली. गरम पाण्याच्या पाइपपासून ती मुद्दाम लांब ठेवली. पहिल्या दिवशी ओएनटीच्या (फायबरमधला प्रकाश घेऊन इंटरनेट देणाऱ्या घरातल्या डबीच्या) पानावर येणाऱ्या प्रकाशाचा आकडा होता उणे १९.४ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उण्यात जितका खाली तितका प्रकाश कमी. ३२ घरांमध्ये वाटलेल्या लाइनला हा चांगला आकडा आहे. एका फायबरचा प्रकाश इतक्या घरांत वाटणारा नुसता स्प्लिटरच सुमारे १७ डीबी खातो.

‘फ्लश केलं की स्पीड पडतो का?’ हा प्रश्न मला घरी येणारा प्रत्येकजण विचारतो. नाही पडत. पहिले तीन महिने मी रोज सकाळी, म्हणजे सगळ्या मजल्यांवर पाणी सर्वांत जास्त चालू असतं त्या वेळेला, आकडा लिहून ठेवत होतो. तो ०.२ च्या पलीकडे हलला नाही. व्हिडिओ कॉल तुटले नाहीत, मोठ्या फाइल रात्रभर वर चढत राहिल्या. तांब्याच्या काळात हे मला माहीतच नव्हतं.

चौथ्या महिन्यात मात्र लाल दिवा लुकलुकायला लागला. गंमत अशी की आदल्या दिवशीपर्यंत स्पीड पूर्ण मिळत होता. फायबरचं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तांब्यावर बिघाड हळूहळू कळतो, इथे आकडा खाली खाली जात राहतो आणि मर्यादा ओलांडली की सगळं एकदम बंद. माझ्या ओएनटीची मर्यादा उणे २७ आहे आणि आकडा उणे २६.८ वर आला होता. फरक ७.४ डीबीचा, म्हणजे प्रकाश साडेपाच पटींनी कमी. मी रोजचे आकडे लिहायचं बंद केलं होतं त्याच आठवड्यांत हे झालं, याची मला अजून हळहळ वाटते.

कारण पाण्याचं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर प्लंबरने जुना पाइप बदलला होता. काम करताना त्याने माझी नळी कापली आणि आतली केबल नव्या पाइपच्या एल्बोला तारेने करकचून आवळली. फायबर जास्त वाकलं की प्रकाश काचेतून बाहेर निसटतो. साध्या जी.६५२ जातीच्या फायबरला साधारण ३० मिलीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण देऊ नये. वळणं सोसणारं जी.६५७.ए२ असेल तर ७.५ मिलीमीटरपर्यंत चालतं. माझ्याकडे साधं होतं. तरंगलांबी जितकी जास्त तितका वाकण्याचा फटका जास्त, त्यामुळे १४९० नॅनोमीटरवर घराकडे येणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरवर कंपनीकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या आधी ढासळला. तार सोडवली आणि पाच मिनिटांत आकडा उणे २०.१ झाला. प्लंबरचा यात काय दोष? त्याच्या लेखी ती एक काळी दोरी होती. कोणी त्याला सांगितलंच नव्हतं. चूक जोडणी करणाऱ्यांची आणि माझी.

दुसरा बिघाड सातव्या महिन्यात, आणि यात ओलीचा हात होता. तळमजल्याच्या डब्यात केबल घाईघाईने फास्ट कनेक्टरने, म्हणजे मशीनशिवाय हातानेच बसवायच्या जोडाने, जोडली होती. वरच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी डब्याच्या वरच्या भोकातून आत गेलं. काचेला पाण्याचं काही नाही म्हटलं तरी जोडाच्या टोकावर ओलीबरोबर मळ बसला की प्रकाश अडतो. आकडा दिवसातून दोनदा वर-खाली व्हायचा. कंपनीच्या हेल्पलाइनने चार वेळा राउटर रीस्टार्ट करायला लावला, याचा मला मनापासून राग आहे, कारण मी पहिल्याच फोनवर प्रकाशाचे आकडे वाचून दाखवले होते. शेवटी आलेल्या मुलाने तो कनेक्टर कापून मशीनवर फ्यूजन स्प्लाइस मारला, म्हणजे काचेची दोन टोकं वितळवून एक केली, डबा तिरका करून केबल खालच्या बाजूने आत घेतली आणि डब्याबाहेर केबलला खाली लोंबणारा एक वळसा ठेवला, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जातं. अर्ध्या तासाचं काम. तेव्हापासून तक्रार नाही.

घरातल्या जागेबद्दलही सांगायला हवं. केबल बाथरूममधून येते म्हणून राउटर बाथरूमच्या दाराशीच बसवायची सगळ्यांना घाई असते. तसं करू देऊ नका. पाण्याने भरलेले पाइप, टाइल्स, आरसा, गीझरची टाकी हे सगळं वायफाय अडवतं, ५ गिगाहर्ट्झला तर जास्तच. आमच्याकडे शेवटच्या खोलीत सिग्नलची एकच कांडी यायची. फायबर आणखी ९ मीटर आत ओढून ओएनटी घराच्या मधोमध आणला, तेव्हा कुठे हा प्रश्न मिटला. झरोक्यातलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवून सिलिकॉनने बुजवलं. ते नाही केलं तर पाणी आणि झुरळं दोन्ही आत येतात.

नव्याने कोणी करणार असेल तर माझं म्हणणं एवढंच: केबल जी.६५७.ए२ मागा, मधे एकही फास्ट कनेक्टर ठेवू देऊ नका, आणि डक्टला प्रत्येक मजल्यावर दार नसेल तर या वाटेला जाऊच नका. बिघाड शोधायला हात पोचला नाही तर चांगल्यातली चांगली केबल फुकट आहे.

मी आता चारही मजल्यांवर नळीला पिवळी पट्टी बांधून त्यावर ‘आत काच आहे, वाकवू नका’ असं लिहिलं आहे. आज सकाळचा आकडा उणे १९.७. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर सांडपाण्याचा पाइप बदलणार आहेत. त्या प्लंबरला मी आधीच भेटून आलो, पट्टी दाखवली, आणि काम चालू असेपर्यंत डक्टपाशी उभा राहणार आहे.