फौंड्रीतल्या प्रशिक्षणासाठी काय बरं: पुस्तकाची झेरॉक्स, परवाना की आपली मराठी पुस्तिका?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) ऑडिटची तारीख जवळ आली की प्रशिक्षणाची फाईल बाहेर निघते. कोअर शॉपमधल्या (साच्यातले वाळूचे गाभे बनवणाऱ्या), फेटलिंगमधल्या (ओतलेले भाग साफ करणाऱ्या) मुलांना काय शिकवलं, कशावरून शिकवलं, हे दाखवावं लागतं. अशा वेळी सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे एखाद्या नावाजलेल्या हँडबुकातली दोन प्रकरणं झेरॉक्स करायची, स्पायरल बाइंडिंग करून वर कंपनीचा लोगो लावायचा आणि प्रत्येकाच्या हातात एक प्रत द्यायची. "शिकवायलाच वापरतोय, विकत थोडंच देतोय," असं त्यामागचं म्हणणं असतं. ते म्हणणं कायद्यापुढे किती टिकतं आणि त्याऐवजी काय करता येतं, हे प्रशिक्षणाचं काम अंगावर असलेल्या माणसासाठी मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक कारखान्यांना चार विकतच्या प्रती आणि स्वतःची मराठी पुस्तिका हीच जोडी परवडते.

झेरॉक्स

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सवलतींची यादी आहे. त्यातली एक वैयक्तिक वापराची, संशोधनासह. मेथडचा (ओतकामाची पद्धत ठरवणारा) इंजिनिअर स्वतःच्या अभ्यासासाठी एखादा लेख कॉपी करून ठेवत असेल, तर तो या सवलतीवर बोट ठेवू शकतो. ऐंशी ऑपरेटरसाठी ऐंशी संच काढणं हे मात्र वैयक्तिक नाही.

दुसरी सवलत शिक्षक आणि विद्यार्थी यांची: शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत. याच आधारावर दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्धचा खटला गाजला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, आधी एकल न्यायाधीशांनी आणि मग खंडपीठाने, विद्यार्थ्यांच्या कोर्सपॅकच्या (पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून केलेल्या वाचनसंचाच्या) बाजूने कौल दिला. शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं कॉपी करता येतं, हा त्यातला गाभा. हा निकाल दाखवून कारखान्यातही झेरॉक्स चालते असं अनेक जण सांगतात. पण तिथे वाद विद्यापीठाचा होता, अभ्यासक्रम विद्यापीठाचा होता. उत्पादन वाढावं, रिजेक्शन घटावं म्हणून नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीने दिलेल्या प्रशिक्षणाला हीच सवलत मिळते, असं त्या निकालात कुठेही नाही. त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं घर बांधणं.

अमेरिकेचा 'फेअर यूज' (परवानगीशिवाय वाजवी वापराची सवलत) आपल्याकडे लावण्याचीही सवय आहे. तिकडे चार निकषांवर प्रत्येक प्रकरण तोललं जातं, आपल्याकडे ठरावीक हेतूंची यादी आहे. ज्यांना अमेरिकेचा कायदा सैल वाटतो त्यांनी टेक्साको कंपनीचा खटला वाचावा. कंपनीच्या संशोधकाने जर्नलमधले लेख झेरॉक्स करून फाईलला लावले होते, आणि १९९४ मध्ये अपील न्यायालयाने तेही फेअर यूज मानलं नाही. परवाना विकत मिळत असताना तो टाळला, हा मुद्दा त्यात जड ठरला. आणि 'दहा टक्क्यांपर्यंत चालतं' हा आकडा ना भारताच्या कायद्यात आहे, ना अमेरिकेच्या.

चुकलं तर काय? कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. गुन्हा कंपनीच्या नावावर झाला तरी त्या वेळी कामकाज सांभाळणाऱ्या माणसावर जबाबदारी येते. कुणी कोल्हापुरात येऊन छापा घालेल अशी भीती मी घालत नाही. पण परदेशी ग्राहकाचा ऑडिटर त्याच पुस्तकाची बेकायदा प्रत तुमच्या टेबलावर पाहतो, तेव्हा तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

विकत घ्या, परवाना घ्या

गाड्यांचे कास्टिंग (ओतीव भाग) करणाऱ्यांची इथे सुटका नाही. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकासाठी एफएमईए (संभाव्य बिघाडांचा आधीच विचार), एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नियंत्रण), एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी) यांची एआयएजी या अमेरिकी वाहन उद्योग संघटनेची मॅन्युअलं लागतातच, आणि ती विकतच घ्यावीत. आयएसओच्या मानकाची विकत घेतलेली पीडीएफ सहसा एका माणसासाठी असते. ती कंपनीच्या सर्व्हरवर टाकून सगळ्यांना उघडी करायला परवान्यात मनाई असते, आणि नेमकं हेच सर्रास होतं. छापील प्रत मात्र कितीही जणांनी आळीपाळीने वाचावी. प्रशिक्षणाच्या खोलीत कपाटात चार प्रती आणि एक नोंदवही, एवढ्यावर सुपरवायझरांचं भागतं.

प्रती वाटायच्याच असतील तर प्रकाशकाला लिहून परवानगी मागता येते. दिल्लीची इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशनही झेरॉक्सचे परवाने देते, पण तिच्याकडे ज्यांचे हक्क आहेत त्या पुस्तकांपुरतेच. पैसे भरण्याआधी आपलं पुस्तक त्यात आहे का, हे विचारा.

खरी अडचण वेगळीच आहे. ही सगळी पुस्तकं इंग्रजीत, आणि मोल्डिंग (साचे बनवण्याच्या) लाइनवरचा माणूस मराठी वाचतो.

फुकटचं साहित्य

भारतीय मानक ब्युरोची बरीच मानकं आता संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात, तरी त्यावरचा हक्क ब्युरोचाच राहतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (लेखकाने ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं) साहित्य घेताना अट वाचा. 'बाय-एसए' असेल तर श्रेय द्यावं लागतं, आणि त्यात बदल करून बाहेर वाटलंत तर तेही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. 'एनसी' (व्यावसायिक वापराला मनाई) असेल तर कारखान्याने हात लावू नये, हे माझं मत. कायद्याचा मजकूर आपल्या स्पष्टीकरणासह छापायला कलम ५२ मोकळीक देतं, त्यामुळे सुरक्षेच्या तरतुदी बिनधास्त घ्या. लेखक जाऊन ६० वर्षं झाल्यावर पुस्तक मोकळं होतं, पण तितकं जुनं पुस्तक आजच्या इंडक्शन भट्टीला फारसं उपयोगी पडत नाही.

आपली पुस्तिका

इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगली माणसं पडतात. इंग्रजी हँडबुकाचं प्रकरण मराठीत भाषांतर करून छापलं तर ते आपलं होत नाही. भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचा किंवा प्रकाशकाचाच असतो. रात्र रात्र बसून केलेल्या भाषांतराची मेहनत खरी असते, पण परवानगीशिवाय ते झेरॉक्सइतकंच अडचणीचं ठरतं.

मात्र माहितीवर कुणाची मालकी नाही. वाळूत ओलावा जास्त झाला, पर्मिएबिलिटी (वाळूतून वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) कमी पडली की ब्लोहोल (वायू अडकून पडणारी छिद्रं) येतात, हे तथ्य सगळ्यांचं. एखाद्या लेखकाने ते ज्या वाक्यांत सांगितलं, ज्या आकृतीत काढलं, ते त्याचं. म्हणून पुस्तकं वाचा, मिटून ठेवा आणि तुमच्या सँड प्लँटमध्ये काय होतं ते लिहा. तुमचंच मिक्स, तुमच्याच लॅबचे आकडे, गेल्या महिन्यात रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचे फोटो. आपल्या हाताखालून गेलेला पीस पानावर दिसला की ऑपरेटर थांबून वाचतो, बोलतो, चूक सांगतो. कुठल्याही विकतच्या पुस्तकाने हे होत नाही. फक्त ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर त्याचा पार्ट नंबर आणि ड्रॉइंग झाका.

वेळ लागतो, हे खरं. पण एकदा झाली की माणसागणिक पैसे मोजावे लागत नाहीत, आणि मुकादमाने सांगितलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करता येते. पन्नासच्या आत माणसं असतील आणि विषय फक्त मोजमापाच्या साधनांचा असेल, तर मात्र विकतचं पुस्तकच घ्या. तेवढ्यासाठी लिहायला बसू नका.

कोण लिहितो यावर हक्क ठरतो. पगारावरच्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिली तर, वेगळा करार नसल्यास, पुस्तिका कंपनीची. बाहेरच्या प्रशिक्षकाकडून पैसे देऊन लिहून घेतली तर ती त्याचीच राहते, बिल चुकतं केलं तरी. हक्क लेखी करारानेच कंपनीकडे येतो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरता, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. पर्चेस ऑर्डरच्या एका ओळीवर हे काम उरकू नका. मुदत, प्रदेश, भाषांतराचा आणि दुरुस्तीचा हक्क हे चारही शब्दांत लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि हे पहिला हप्ता देण्याआधी करा.