डीडीआर५-६००० सीएल३०: एक पावसाळा काढल्यावर

खराब निघालेली रॅम (पीसीची कामचलाऊ मेमरी) बदलून मागितली, तर कंपनीचा मेल आला : तुमचा माल स्टॉकमध्ये नाही, बिलाची रक्कम परत घ्या. बिल जूनचं! २०२५ संपता संपता एआय सर्व्हरवाल्यांनी सगळी मेमरी ओढली आणि रॅमचे भाव कुठल्या कुठे गेले. जूनच्या पैशात तेव्हा काय येणार होतं?

किट १६ जीबीच्या दोन स्टिकचं (डीडीआर५ ही रॅमची पिढी, ६००० हा वेग), प्रोसेसर रायझन ५ ७६००. बेळगावातला दुकानदार सीएल३६ गळ्यात मारायला बघत होता (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला लावते तो उशीर, त्याच वेगावर आकडा लहान तेवढं बरं). "चालतंय की ओ, काय फरक पडत नाही." पडतो. ६००० वर सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल३६ म्हणजे १२. गेममध्ये सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) फार हलत नाही, पण गर्दीच्या सीनमधलं अडखळणं कमी होतं. रायझनचा एक्स३डी प्रोसेसर असेल तर मात्र सीएल३६ घ्या नि पैसे वाचवा, त्याची मोठी कॅशे (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) सांभाळून घेते. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा छापील वेग लावणारं सेटिंग, चालू करा राव, नाहीतर महागडी रॅम ४८०० वरच रांगत बसते.

आता माझं दुखणं. एएम५ बोर्ड (या प्रोसेसरचा मदरबोर्ड) सुरू होताना मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत बसतो. तोवर स्क्रीन काळी, बोर्डावर 'डीरॅम'चा बारका दिवा तेवढा पेटलेला. खानापुरात पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते इथल्यांना सांगायला नको. दर वेळी तो दिवा बघत बसायचं! रेटिंगचे दोन तारे तिथंच कापले होते. मग बायोस अपडेट करून मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर (आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवणारं सेटिंग) चालू केलं, आणि पीसी झटक्यात उठायला लागला. कापलेले तारे परत.

दिवाळीनंतर ब्लू स्क्रीन सुरू झाल्या. संशय त्याच सेटिंगवर गेला, पण ते बंद करूनही तेच. पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर लावला तर सकाळी चुकांच्या लाल ओळीच ओळी. मग एकेक स्टिक ए२ स्लॉटमध्ये घालून तपासली. एक खराब, ४८०० वरसुद्धा. म्हणजे एक्स्पोचा दोष नाही, चिपच गेलेली. बदलून द्यायला कंपनीला मात्र अख्खं किट हवं, जोडी मोडायची नाही म्हणे. तोवर पीसी बंद.

मग आला तो पैसे परत घ्या म्हणणारा मेल. त्याला 'रिफंड नको, माल द्या' एवढंच उत्तर धरून ठेवलं. फोनवर कन्नडमध्ये भांडलो, मेलवर इंग्रजीत. शिव्या तेवढ्या मराठीत राखून ठेवल्या. शेवटी तेच स्पेक असलेलं आरजीबी (रंगीत दिव्यांचं) किट आलं. ते उंच. कूलरचा पंखा वर सरकवावा लागला, आता कॅबिनेटची काच बसत नाही. रॅमला साडेचार तारे, कंपनीला दीड. काच भिंतीला टेकवून ठेवलीय, किट परत करणार नाही.