एकोणचाळीसचा रुपया: चांदी खरी, साल खोटं

सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया कुणी विकायला आणला, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चांदी अस्सल निघाली म्हणून नाणं अस्सल ठरत नाही. माझे चाळीस हजार रुपये नेमके इथेच गेले. विकणाऱ्याने जे केलं ते ठरवून केलं, सरावलेल्या हाताने केलं आणि तो आजही टेबल मांडून बसतोय. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी मुंबई टांकसाळीचे चांदीचे रुपये जमवतो. फोर्टातली ही टांकसाळ १८२९ पासूनची. कलकत्त्याच्या रुपयावर सहसा खूण नसते. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे खालच्या बाजूचं बारीक, उठावदार टिंब. पुढे युद्धाच्या वर्षांत टिंबाच्या जागी पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण आली, आणि १९४३ला लाहोरची टांकसाळ सुरू झाल्यावर तिथल्या नाण्यांवर इंग्रजी ‘एल’ अक्षर. या खुणा ओळखायला लागलं की छंद अंगात भिनतो. त्यातला मुंबईचा १९३९चा रुपया म्हणजे प्रत्येक संग्राहकाच्या यादीतली रिकामी जागा. १९३८चा रुपया सहज मिळतो, १९३९चा मात्र शोधून सापडत नाही. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं, १९४०पासून रुपयातली चांदी ९१.६६ टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर आली. जुन्या कसाचा हा शेवटचा रुपया. १९३८ आणि १९३९, दोन्ही नाण्यांचं वजन तेच, चांदी तीच, राजाचा चेहराही तोच. फरक फक्त सालातल्या शेवटच्या आकड्याचा, आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

पुण्यातल्या एका नाणे प्रदर्शनात तो विक्रेता भेटला. वागायला अतिशय अदबशीर. नाणं पाकिटातून त्यानेच काढलं, कडेला दोन बोटांत धरलं, छोट्या काट्यावर ठेवलं. ११.६ ग्रॅमच्या वर. बरोबर, कारण हा रुपया म्हणजे १८० ग्रेन, पूर्ण एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि वापरात थोडी झीज होतेच. मग वाजवून दाखवलं, खणखणीत. “साहेब, टिंब बघा, मुंबईचंच आहे. पाहिजे तर कुठल्याही सराफाकडून कस लावून आणा,” म्हणाला. मी कोपऱ्यावरच्या सराफाकडे नेऊन मशीनवर तपासलं, विक्रेत्याने त्यासाठी आपला पोरगाही सोबत दिला. चांदी चोख होती. मात्र मी भिंग काढलं की विक्रेत्याचा सूर बदलायचा: “हात लावू नका साहेब, हाताळून घासलं जातं, किंमत उतरते.” एका जुन्या वाड्याच्या तिजोरीतला ऐवज आहे, हेही ऐकवून झालं.

आता त्याने दाखवलेल्या प्रत्येक पुराव्याकडे बघा. वजन, आवाज, कस आणि टिंब, चारही गोष्टी १९३८च्या अस्सल रुपयातही तशाच असतात. टिंबाचा रुपया १९३८लाही पडलाय. म्हणजे त्याने जे सिद्ध केलं त्यावर कुणाचा वाद नव्हताच, आणि ज्या एका आकड्यासाठी पैसे मोजायचे होते तोच त्याने बघू दिला नाही.

घरी आल्यावर नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलं. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला काळपटपणा अ‍ॅसिटोनने जात नाही, वरून लावलेला रंग मात्र सुटतो. सालाभोवतीचा काळा थर निघाला आणि खालून पांढरीफटक, घासलेली जागा उघडी पडली. मग दहापट भिंगाखाली पाहिलं. नाण्यावर साल इंग्रजी आकड्यांत असतं, आणि एकोणचाळीसच्या सालात नऊ दोनदा येतो. दोन्ही नऊ एकमेकांशी ताडून बघा, याहून सोपी परीक्षा नाही. माझ्या नाण्यावर पहिल्या नऊचं डोकं मोठं, गोल. दुसऱ्याचं बारीक, चेपलेलं, कारण ते मुळात आठचं वरचं वेटोळं होतं. खालच्या वेटोळ्याची डावी बाजू तासून काढलेली. तिथे नाण्याची पातळी किंचित खोलगट झालेली आणि एकाच दिशेने जाणारे बारीक ओरखडे. साच्यातून पडलेल्या आकड्याभोवती असे ओरखडे येत नाहीत.

फोन केला. “प्रदर्शनातला माल परत घेत नाही. बिल बघा ना, त्यात काय लिहिलंय?” बिलावर लिहिलं होतं, ‘जुना चांदीचा रुपया, नग १’. साल नाही, टांकसाळ नाही. हा कागदही तितक्याच विचाराने तयार केलेला.

‘जुनं नाणं द्या, लाखो मिळवा’ म्हणत आगाऊ कमिशन उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर इशारा दिला होता, आणि त्या प्रकाराला आता बरेच जण ओळखतात. इथे समोर माणूस असतो, हातात खरी चांदी असते, सराफही मान डोलावतो. म्हणून मला हा प्रकार जास्त घातक वाटतो. आणि एका अस्सल नाण्याचा यात जीव जातो याचा राग वेगळाच. तासलेला १९३८चा रुपया संग्राहकाच्या लेखी संपला, उरते ती साधारण १०.७ ग्रॅम चांदी, मोडीच्या भावाची.

महागडं नाणं घेताना बिलावर साल, टांकसाळ आणि ‘अस्सल नसल्यास पूर्ण रक्कम परत’ हे शब्द लिहून घ्या. लिहायला कचरला तर तिथूनच उठा. नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या एनजीसी किंवा पीसीजीएस या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं असेल तर डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथली नोंद, आणि फोटो असल्यास तोही, नाण्याशी जुळवा, कारण डब्याही नकली येतात.

मी ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे आणि भिंगाखालचे फोटो जोडले आहेत. निकाल यायचा आहे. दरम्यान, त्याच विक्रेत्याकडे अजून ‘एकोणचाळीस’ आहेत असं दुसऱ्या शहरातल्या एका संग्राहकाकडून कळलं. तुमच्याकडे अलीकडे घेतलेला असा रुपया असेल तर आजच दोन्ही नऊ शेजारी शेजारी भिंगाखाली बघा, आणि शंका आली तर बिल फाडू नका, नाणं पुन्हा घासू नका.