इशापूर २ए१ घराच्या रक्षणासाठी: रायफल पास, मॅगझिन नापास

इशापूर २ए१, भारतीय बनावटीची बोल्ट अॅक्शन रायफल (दर गोळीला बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, हाताने मागे-पुढे करायचा), ७.६२ नाटो काडतुसाची. अमेरिकेत घरात ठेवलेली, आणि काम एकच: रात्री कोणी दार फोडून आत शिरलं तर. काही महिने वापरून झाले. आता लिहायला बसवलं ते मॅगझिनने, म्हणजे काडतुसांच्या पेटीने. सॉफ्ट पॉइंट (उघड्या शिशाच्या नाकाची) काडतुसं भरली की दहातलं एखादं नाक वर करून चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या घराच्या) वरच्या काठाला धडकतं आणि बोल्ट अर्ध्यावर उभा राहतो. रेंजवर हे हसण्यावारी नेता येतं, रात्री दोन वाजता घरात नाही.

रायफल सगळ्यांना ओळखीची आहे. एनसीसीत ज्यांनी थ्री नॉट थ्री खांद्यावर वागवली त्यांचा हात आपोआप जागेवर जातो. तरी एक गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतो की ही जुनी थ्री नॉट थ्री नळी बदलून केलेली आहे. तसं नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ही नव्याने घडवली. ठेवण ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३ ची, म्हणजे जुन्या थ्री नॉट थ्रीची, पोलाद जास्त दाब सोसणारं, एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी मागे ओढणारी नखी) बिनकाठाच्या काडतुसासाठी बदललेला. आधी २ए आली. १९६५ पासून मागच्या साइटवरचा (नेम धरायच्या पट्टीवरचा) सगळ्यात लांबच्या अंतराचा आकडा २००० वरून ८०० वर आणला आणि नाव २ए१ झालं.

भारतात वाचणाऱ्यांसाठी: ७.६२ आणि .३०३ दोन्ही तिथे प्रतिबंधित बोअर. सामान्य परवान्यावर मिळते ती .३१५ स्पोर्टिंग, तीही इशापूरचीच, याच बोल्टच्या घराण्यातली. अमेरिकेत असणाऱ्यांनीही आधी व्हिसा पाहावा. एच-१बी, एफ-१ वगैरेंवर असणाऱ्याला फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे, तशा आणखी थोड्याच. ग्रीन कार्डवाल्याला ती अडचण नाही. मित्राच्या घरी राहता आणि बंदूक त्याची, तरी 'जवळ बाळगणे' कशाला म्हणतात हे वकिलाला विचारून घ्या.

आता मॅगझिन. ली-एनफिल्डचं मॅगझिन काढता येतं, पण ते बदलून बदलून वापरण्यासाठी कधीच नव्हतं. सैन्यात ते साफसफाईपुरतं निघायचं आणि भरणं वरून व्हायचं. म्हणून प्रत्येक मॅगझिन ज्या त्या रायफलला बसवून घेतलेलं असतं. दुसऱ्या रायफलचं आणून लावलं तर चालेल, अडेल किंवा मध्येच चालेल. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्यावर भरवसा बसतो.

अडकण्याची कारणं तीन आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात. काडतूस नाक वर करून चेंबरच्या वरच्या काठाला लागलं तर फीड लिप्स (मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा) पुढच्या बाजूला जास्त उघडल्यात. नाक खाली जाऊन मॅगझिनच्या पुढच्या भिंतीत रुतलं तर लिप्स जास्त आवळल्यात किंवा फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारी पट्टी) पुढून दबतोय. आणि बोल्ट काडतुसाला न उचलताच वरून सरकून गेला तर मॅगझिन खाली बसतंय, म्हणजे कॅच (मॅगझिन जागेवर धरणारी कळ) झिजलाय किंवा स्प्रिंग थकलीय. हे तिसरं तपासायला मॅगझिन लावल्यावर तळाला बोटाने वर दाबा. दाबल्यावर नीट भरतंय आणि सोडल्यावर नाही, तर लिप्सना हात लावू नका, दोष कॅचचा आहे.

तपासणी नेहमी डमी (दारू नसलेल्या) काडतुसांनी. दहा भरा, बोल्ट एकदा सावकाश आणि एकदा जोरात चालवा. सावकाश अडतं पण जोरात जातं, असं असेल तर ते गुळगुळीत झालं असं समजू नका, जोराने दोष झाकलाय. लिप्स वाकवायच्या तर गुळगुळीत जबड्याच्या पक्कडीने, एका वेळी केसभर, दोन्ही बाजूंचं अंतर कॅलिपरने मोजून कागदावर लिहून. हे पोलाद कडक आहे. इकडे तिकडे करत बसलात तर मुळाशी तडा जातो आणि मॅगझिन भंगारात जातं.

भंगारात गेलं की खरी रडकथा. २ए१ चं सुटं मॅगझिन दुर्मीळ आणि महाग. एका विक्रेत्याने '२ए१ चं, नवंकोरं' म्हणून पाठवलेलं निघालं थ्री नॉट थ्रीचं. हा फरक आंधळ्यालाही चाचपून कळावा: थ्री नॉट थ्रीच्या मॅगझिनचा तळ तिरका असतो, काठाची काडतुसं एकावर एक कलून बसतात म्हणून. ७.६२ चं चौकोनी, खोक्यासारखं. परत घ्यायला तयार, पण पाठवणीचा खर्च माझ्या माथी आणि वर 'रीस्टॉकिंग' म्हणून कपात. चुकीचा माल त्याने दिला आणि दंड गिऱ्हाइकाला. घेताना तळाचा फोटो बाजूने मागा. देत नसेल तर पुढे जा.

आता मूळ पेच. एफएमजे, म्हणजे सैन्याची पूर्ण आवरणाची १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, या मॅगझिनमधून लोण्यासारखी जाते. पण अमेरिकन घराची आतली भिंत म्हणजे लाकडी चौकटीवर दोन बाजूंना अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. त्या गोळीला ती भिंत भिंतच वाटत नाही. मुलांची खोली, बाहेरची भिंत आणि शेजाऱ्याचं स्वयंपाकघर एका रेषेत असेल तर एफएमजे घरात वापरायची नाही, एवढं पक्कं. मग सॉफ्ट पॉइंट. तिचं शिशाचं उघडं नाक रॅम्पवर (चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर) घासून चपटं होतं आणि तिथेच अडतं. हलकी ११० ग्रेनची, लवकर फुटणारी गोळी भिंतींच्या हिशेबाने सगळ्यात बरी, पण ते काडतूस लांबीला आखूड. लष्करी काडतूस २.८ इंचांचं, हे त्याहून कमी. मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकतं आणि भरताना नाकाला आधार उरत नाही. थोडक्यात, जे नीट भरतं ते घरात नको आणि जे घरात हवं ते नीट भरत नाही.

मध्यम मार्ग निघाला तो पॉलिमर टोकाच्या १५० ग्रेनचा. टोक टणक, चपटं होत नाही, लांबी जवळपास लष्करी. तीही दोन-तीन भिंती ओलांडते, भ्रमात राहू नका. म्हणून गोळीबाराची दिशा आधी ठरवावी लागते: घराच्या नकाशावर कुठल्या कोपऱ्यातून कुठे रोखलं तर मागे चिमणीची वीट किंवा जमीन येते ते बघून एकच जागा नक्की करायची. वरच्या मजल्यावरून जिन्याकडे खाली रोखता आलं तर उत्तम.

बोल्टबद्दल सुरुवातीचं मत बदललं, तेही चांगल्या बाजूने. बोल्ट अॅक्शन म्हणजे हळू, हे डोक्यात पक्कं असतं. पण इथे हँडल जेमतेम साठ अंश उचलावं लागतं आणि स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) हा बोल्ट पुढे ढकलताना चढतो, मागे खेचताना नाही. त्यामुळे मागचा झटका हलका जातो आणि गाल कुंद्यावरून न उचलता दुसरी गोळी तयार होते. अट एक: हात आखडायचा नाही. पुंगळी बाहेर फेकायला इथे स्प्रिंगचा इजेक्टर नाही, डाव्या भिंतीत बसवलेला छोटा स्क्रू आहे. बोल्ट घाबरत अर्धा मागे घेतला तर पुंगळी परत आतच पडते. डमीवर पूर्ण आणि ठाम फेरा इतका घोटवावा की हाताला अर्धा फेरा आठवूच नये.

.३०८ विंचेस्टर (७.६२ नाटोसारखंच व्यावसायिक काडतूस) या रायफलमधून चालवावी की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. निम्मं भांडण दाब मोजण्याच्या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरमिसळ करून होतं. रायफल .३०८ साठी बनलेली नाही हे खरं, आणि कित्येकजण चालवतात हेही खरं. वाद घालण्यापेक्षा हेडस्पेस (मिटलेल्या बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मोजा. एक्स्ट्रॅक्टर काढून, चेंबरमध्ये गेज (ठरलेल्या लांबीचा मोजमापाचा तुकडा) ठेवून, बोल्ट बोटाच्या हलक्या दाबाने मिटायचा. .३०८ चा नो-गो गेज १.६३४ इंच आणि फील्ड (वापरातल्या रायफलची शेवटची मर्यादा) १.६३८. नाटोचा फील्ड १.६४५५. जुनी लष्करी रायफल .३०८ च्या फील्डवर मिटते आणि नाटोच्या फील्डवर मिटत नाही, असं बऱ्याचदा दिसतं. अशा चेंबरमध्ये पातळ पितळेची व्यावसायिक केस जास्त ताणली जाते, म्हणून जाड लष्करी पितळ बरं, आणि पुंगळीच्या बुडाजवळ चमकती रेघ दिसली तर थांबायचं. नाटोच्या फील्डवर मिटली तर भिंतीवर टांगा. दुसऱ्या रायफलचा बोल्ट आणून लावायचा नाही, दिसायला कितीही सारखा असो.

जुन्या साठ्यातली ओएफव्ही शिक्क्याची भारतीय काडतुसं अजून कुठेकुठे मिळतात. ओएफव्ही म्हणजे आपलं भुसावळजवळचं वरणगाव. गावाचं नाव वाचून ऊर भरून येतो, पण इतकी वर्षं कुठल्या गोदामात, कुठल्या उकाड्यात पडून राहिली याचा पत्ता नसलेलं काडतूस जिवावरच्या कामाला नको.

लांबी ११३० मिलिमीटर, वजन रिकामं ४.७ किलो. अमेरिकन घरातला बोळ छत्तीस इंच, म्हणजे ९१४ मिलिमीटर. बोळात रायफल आडवी धरून वळताच येत नाही. म्हणजे घरभर फिरून शोध घेणं बाद. दाराकडे तोंड करून एका जागी बसायचं आणि फोन लाऊडस्पीकरवर टाकायचा, कारण एका हाताने ही पेलत नाही. टॉर्च लावायला रेल नाही. नळीच्या टोकाशी नोजकॅपखाली संगिनीचा खुंटा आहे, त्याला क्लॅम्पने छोटा टॉर्च बसतो, पण बटण हातापासून लांब पडतं, वायरचं बटण घ्यावं लागतं. बंद खोलीत आवाज १६० डेसिबलच्या आसपास, तेव्हा कानावरची मफ रायफलच्या शेजारीच हवी.

हिवाळ्यात हीटर लागला की लाकूड आक्रसतं आणि ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू सैल होतो. गोळ्या विखुरायला लागल्या तर साइटशी खेळण्याआधी तो बघा. मॅगझिनच्या पुढे दस्त्यातून आडवा घातलेला स्क्रू इशापूरने मुद्दाम दिलाय, तो शोभेचा समजून काढू नका. लाकडाला कच्चं जवसाचं तेल, तळहाताने, अगदी पातळ.

पैशाचा हिशेब असा. पन्नास वर्षांपुढची म्हणून ही क्युरिओ (संग्रहातली जुनी बंदूक) गणली जाते. तीस डॉलरचा संग्राहक परवाना तीन वर्षं चालतो आणि रायफल थेट घरी येते. एवढीच बचत. पुढे मॅगझिन, गेज, पॉलिमर टोकाची काडतुसं, क्लॅम्प आणि वायरचं बटण धरलं तर साधी नवी पंप शॉटगन टॉर्चसकट आली असती. रायफल घरात आधीच असेल तर वरचं सगळं करून ती कामाला लावा. नव्याने, याच कामासाठी घेत असाल तर घेऊ नका. आणि तरी घ्यायचीच असेल, तर दुकानात बोल्ट आणि नळी पाहण्याआधी खिशातून दहा डमी काढा आणि दुकानदाराच्या परवानगीने त्याच्यासमोर सगळ्या फिरवून बघा. एक जरी अडली तरी भाव सुट्या मॅगझिनच्या किमतीइतका खाली आणायचा.